मावशीनं नापास केलेलं पुस्तक

माझी मावशी एकतीस वर्षं कापडगिरणीत तपासणीला होती. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत जायचं. गाठ, डाग किंवा तुटका धागा दिसला की ती खडूनं खूण करायची. शंभर वारांत दहा खुणा झाल्या की तागा नापास. नापास झालेला तागा ती पुन्हा उघडत नसे. निवृत्त झाल्यावर तिनं हाच कारभार ई-पुस्तकांवर सुरू केला.

तिला लेखकांनी स्वतःच नेटवर टाकलेली पुस्तकंच लागतात. मोठ्या प्रकाशकाचा माल आधीच कुणीतरी तपासलेला, त्यात आपलं काय काम, असा तिचा सवाल. मुखपृष्ठ ती बघत नाही. ज्या अभिप्रायात 'अप्रतिम' तीनदा आलंय तो लेखकाच्या मेव्हण्यानं लिहिलाय, असं धरून चालते. नमुन्याची पानं फुकट मिळतात, त्यातलंही पहिलं पान सोडते. "ताग्याचे वरचे दोन वार सगळेच चांगले देतात," म्हणते, आणि शेवटच्या दहा पानांवर चष्मा लावून बसते. शितावरून भाताची परीक्षा! दहा चुका सापडल्या की नापास, आणि तसं ती पुस्तकाखाली लिहूनही टाकते. गिरणीतल्या जुन्या मैत्रिणी आणि त्यांच्या ओळखीचे, असे साठेक जण तिनं पास केल्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत. एका कुलूपवाल्याचं पुस्तक तिनंच शोधलं. तोवर ते चौघांनी वाचलं होतं. मी दोनदा वाचलं, पण तिला सांगितलं नाही. आधीच काय कमी मिरवते?

आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, रुग्णालयाच्या धुलाईघरात आहे. तिनं दोन वर्षं खपून एक पुस्तक लिहिलं आणि टोपणनावानं नेटवर टाकलं. टाकून मी दिलं.

"माझं आहे कळलं तर ताई दया तरी करेल नाहीतर झोडपेल तरी," आई म्हणाली. "मला खरं काय ते हवंय. तिनं नापास केलं तर कानाला खडा, पुन्हा लिहायचं नाही." मला शपथही घातली.

मी दुसऱ्या दोन पुस्तकांबरोबर आईच्याही पुस्तकाचं नाव मावशीला सुचवलं. संध्याकाळी निकाल लागला : दहा पानांत अकरा चुका. नापास.

आईनं तो वाचला, फोन पालथा ठेवला. "ताईची नजर चुकत नाही गं," एवढंच म्हणाली. पुढच्या पुस्तकाची वही तिनं रद्दीत टाकली. ती मी काढून घेतली आणि तरातरा मावशीकडे गेले.

"ते पुस्तक पूर्ण वाच," मी म्हटलं.

"नापास तागा मी—"

"कापड नाहीये ते, मावशी! खोट तेवढी दिसते तुला. गोष्ट काय आहे ते तरी बघितलंस का?"

इतकी ओरडले की शेजारीण दारात आली. मावशीनं चष्मा लावला. मग माझ्यासमोरच तिनं ते पुस्तक विकत घेतलं. नापास केलेलं पुस्तक विकत घेण्याची तिची ही पहिलीच खेप.

चार दिवसांनी ती आमच्याकडे आली. आई भांडी पुसत होती. मावशीनं पिशवीतून कागद काढला.

"अकरा नाहीत, पुऱ्या पुस्तकात चौसष्ट आहेत. ही यादी."

आईनं माझ्याकडे डोळे वटारले.

"तिच्याकडे बघू नकोस, ती काही बोललेली नाही. त्यातली मोठी बहीण मी आहे, हे मला कळणार नाही होय?"

आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"त्या बहिणीच्या घरी जाताना माणसं मुद्दाम जुने कपडे घालून जातात, असं लिहिलंयस. नव्यात ती खोट काढते म्हणून."

"हो."

"तूही तसंच करतेस?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो, ताई. कितीतरी वर्षं."

मावशी खुर्चीत बसली. तिचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

"चौसष्ट चुका दुरुस्त कर, पुन्हा टाक, मी पुन्हा तपासीन," ती आईला म्हणाली. "पण त्या वाक्याला हात लावू नकोस. त्यात चूक नाही."