सिद्धरामअप्पांची पाठ

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षी शिरूर अनंतपाळात आड आटले होते. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची. अशात रत्नम्माच्या नवऱ्याच्या, कापडाचं दुकान चालवणाऱ्या सिद्धरामअप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. पडून पडून पाठीला जखम झाली, ती काही रत्नम्माच्या हाती आवरेना.

गावची नर्सबाई पंचशीला जमेल तशी पट्टी करून जायची, पण तिच्या माथी आसपासची सगळी गावं. तिनंच बातमी आणली. लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्याची नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे रोज घरी येणार होती, तीही फुकट. फक्त आधी डॉक्टर येऊन बघणार, खरंच गरज आहे का ते.

"मावशी, मी त्या दिवशी लशी टोचायला दुसऱ्या गावाला हाय. अप्पा जसे हायत तसेच राहू द्या. काय आवरू नका."

"हाव," रत्नम्मा म्हणाली. म्हणाली खरी!

पण लातूरचा डॉक्टर घरात येणार आणि घरधनी मळक्या वाकळेवर पडलेला? तिच्या जिवाला ते सोसेना. पिण्याचं पाणी तापवून तिनं अप्पांना न्हाऊ घातलं. कपाळाला विभूती लावली, ठेवणीतलं धोतर नेसवलं, शेजारच्या रेवणप्पाला हाताशी घेऊन त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. जखमेचा वास येऊ नये म्हणून धूपही घातला. शहाणीच!

डॉक्टर आले. भला माणूस, पण घाईत.

"काय अप्पा, कसं काय?"

"बरं हाय," अप्पा वाकड्या तोंडानं म्हणाले.

"उठता येतं?"

"येतं की. काठी घिऊन दारापत्तोर जातो."

काठी केव्हाच चुलीत गेली होती.

"आणि पाठीची जखम?"

"तिला कवाच खपली धरली."

डॉक्टरनं तरी पुढे वाकवून पाठ बघायची! आणि रत्नम्मानं एक शब्द बोलायचा! पण पाहुण्यासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? तिनं पदर सावरला आणि चहा पुढे केला.

"छान ठेवलंय यांना," डॉक्टर उठत म्हणाले. "नर्स दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

ते गेल्यावर रत्नम्मा कडाडली, "असं का सांगितलात हो?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "प्यायचं पाणी घालून नटीवलीस मला. मग पडून ऱ्हातो म्हणून कसं सांगू?"

पंचशीलानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तिनं पुन्हा लातूरला खेटे घातले, पण डॉक्टरांची दुसरी फेरी यायच्या आत जखम हाडापर्यंत गेली. तापानं अप्पा फणफणले आणि संपले.

लिंगायतांत मयताला बसवूनच ठेवतात; त्या रीतीप्रमाणे जंगम पुरोहितांनी त्यांना न्हाऊ घातलं, विभूती लावली आणि त्याच भिंतीला टेकवून बसवलं. धोतरही तेच. दर्शनाला आलेल्या बायका हळहळत म्हणाल्या, "शेवटपत्तोर किती छान ठिवलीस गं नवऱ्याला."

रत्नम्मा ताडकन उठली. अप्पांचा खांदा धरून त्यांना पुढे ओढू लागली. बायकांनी तिला आवरलं, तरी ती ओरडतच राहिली, "पाठ बघा की त्यांची! कुणीतरी पाठ बघा!"