मोड न आलेली मटकी

"बाई, हा डाग पुसून जाणारा नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी छोटा आरसा माझ्या हातात दिला.

डाव्या गालाच्या आत, दाढेच्या शेजारी, करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. दुधाची साय भांड्याला चिकटून राहते तसा. मी जिभेनं ढकलून बघितला, हलला नाही.

१९८३ सालचा सप्टेंबर होता. बेळगावात एका प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते, वय चाळीस. दाढ दुखते म्हणून दाखवायला गेले होते. दाढ राहिली बाजूला आणि हे निघालं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, ल्यूकोप्लाकिया. म्हणजे तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीवर पडणारा, घासून न निघणारा पांढरा चट्टा. पुष्कळांना त्याचा पुढे काही त्रास होत नाही. काहींना त्याच जागी कॅन्सर होतो. आपला चट्टा कोणत्या जातीचा, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी बायोप्सी करतात, म्हणजे त्या जागेचा तांदळाएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा बाहेरगावी जाणार होता आणि रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते.

"कॅन्सरमध्ये नेमकं होतं काय?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आपल्या शरीरातल्या पेशी वाढतात आणि थांबतात. काही पेशी थांबायचं विसरतात." इतक्या साध्या आवाजात सांगितलं की माझ्या अंगावर काटा आला. वर्गात विसरभोळी पोरं मी रोज बघते. ती माझ्या गालात येऊन बसतील असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, मिश्री लावता का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांना लावून बसायचं, ती मिश्री. माझं माहेर निपाणी. तंबाखूचं गाव. आमच्याकडे दात घासायचं म्हणजे मिश्रीच. मला ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

"लावत होते, आता सोडलीय," मी म्हणाले. शेजारी आमचे हे बसले होते. कोर्टात कारकून, खोटी साक्ष ओळखण्यात आयुष्य गेलेलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. मिश्रीची डबी कोणत्या फळीवर, कशाच्या मागं असते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

डॉक्टरांनी खाण्याचंही सांगितलं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, पाल्यासकट मुळा या क्रुसिफेरस भाज्या, म्हणजे चार पाकळ्यांच्या, क्रुसासारख्या फुलांच्या, मोहरीच्या घराण्यातल्या. त्या नेहमी खाणाऱ्यांना काही कॅन्सरचा धोका कमी असावा, असं अलीकडे म्हणतात. शिवाय मोड आलेली कडधान्यं खा. आणि बोट वर करून म्हणाले, "पण हे औषध नव्हे. पहिलं औषध म्हणजे तंबाखू तोंडाला न लावणं."

मी सगळं ऐकलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं घरी आणलं. सकाळी मिश्री, त्यावर वाटीभर कच्चा कोबी. एकानं बिघडवायचं, दुसऱ्यानं सावरायचं, असा मनाशी करार केला. बेळगावच्या बाजारात कोबीला काय तोटा? हे रोज एक गड्डा आणत आणि म्हणत, आता घराला वास येतो तो भाजीचा की तुझ्या काळजीचा कळत नाही.

मटकी मात्र काही केल्या रुजेना. भिजवली, फडक्यात बांधली, तिसऱ्या दिवशी सोडली तर नुसती फुगलेली, एकालाही मोड नाही. दुकानदार जुना माल देतो म्हणून त्याच्याशी भांडले आणि दुसरी आणली. तिचीही तीच गत. टाकवेना म्हणून तशीच उसळ केली. कडवट लागली. दोन घास खाल्ल्यावर डोकं गरगरलं. हे आजाराचंच लक्षण, असं मी ठरवून टाकलं.

बायोप्सी झाली. टाक्याची जखम भरत आली तरी जीभ त्याच जागी जाऊन बसायची. वर्गात पोरं पाढे म्हणत असली की जीभ तिकडे. आरशात बघावं तर चट्टा कधी लहान वाटे, कधी कडेनं सरकल्यासारखा. मी तोंड मिटलं की तो आत काय करत असेल, असं मनात यायचं. मला भीती वाटत होती, दिवसाढवळ्या, माणसांनी भरलेल्या शाळेत.

दसऱ्याची सुट्टी लागली आणि मी निपाणीला आक्काकडे गेले. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं. तंबाखूच्या वखारीत चाळणीच्या कामाला बसून तिनं माझं शिक्षण केलं. नवरा वारल्यावर वखारीमागच्या जुन्या दोन खोल्यांत ती एकटीच उरली होती.

त्या घरात माझं लहानपण गेलं, पण एक गोष्ट मला चाळिसाव्या वर्षी दिसली. दुपारी आक्का वखारीत गेली होती. मी चहाला साखर घेतली आणि डबा उघडाच राहिला. तासाभरानं बघितलं तर साखरेला एक मुंगी नाही. घरात माशी नाही, भिंतीवर पाल नाही, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं नाही. लहानपणी मला वाटायचं, आमची आक्का फार स्वच्छ. वखारीची तपकिरी धूळ दाराच्या फटीतून आत येत होती आणि त्या घरात माझ्याशिवाय काही जिवंत हालत नव्हतं.

वाढत होता तो फक्त घट. आक्कानं नवरात्राचा घट बसवला होता. पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य, वर पाण्याचा कलश. आमच्याकडे घटाची उगवण बघून घराचं पुढलं बरंवाईट सांगतात. पाचव्या दिवशी कोंब बोटभर झाले होते, फिकट पिवळे, आणि सगळे दाराकडे वाकलेले. उजेड तिकडूनच येत होता, हे मी तिसरीच्या पोरांना शिकवते. आक्का मात्र बघत राहिली आणि म्हणाली, "दाराकडं तोंड केल्यात गं. कोन जानार हाय का काय घरातनं?"

मी हसले. ते हसू मलाच खरं वाटलं नाही.

घटाशेजारच्या खुंटीला मी मटकीचं गाठोडं टांगलं होतं. फडकं आक्कानंच दिलं होतं. तिसऱ्या दिवशी सोडलं. मटकी चहाच्या रंगाची झालेली, फुगलेली, गप्प. हाताच्या अंतरावर घटात रान माजलेलं आणि इथं एकही टरफल फुटलेलं नाही.

आक्काचा चेहरा उतरला. "तुझ्या हातचं उगवंना झालंय," ती हळूच म्हणाली.

मी शिकलेली बाई. तरी ते वाक्य छातीत जाऊन बसलं. रिपोर्ट यायच्या आधीच आला असं वाटलं. आक्कानं मग स्वतःच्या हातानं मूठभर मटकी भिजवली, देवीपुढं धरली आणि त्याच फडक्यात बांधली. दोन दिवसांनी सोडली तर तीही तशीच. ती खाली बसली. "माझ्याबी हातचं न्हाय गं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं धुवायला घेतलं. पिळलं तर पाणी गढूळ तपकिरी आलं. बोटांना वास आला आणि हात तिथंच थांबले. तो वास मी तीस वर्षं रोज सकाळी तोंडात धरत आले होते. फडकं कसलं म्हणून आक्काला विचारलं.

"मिश्री चाळायचं. पर पन्नास डाव धुतलंय की."

बेळगावातलं माझं फडकंही तेच. आक्का महिन्याच्या महिन्याला मला मिश्री पाठवायची ती ज्यात बांधून, ते मी धुऊन ठेवत असे. चांगलं सुती कापड, फेकायचं कशाला!

वर्गात करतो तसा प्रयोग केला. मटकी भिजवली, अर्धी त्या फडक्यात बांधली, अर्धी माझ्या धुतलेल्या रुमालात. दुसऱ्या दिवशी दुपारी रुमालातून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. फडक्यातली मटकी मेलेली.

कोडं सुटलं म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तर जास्तच भीती वाटली. मटकी ही ओल लागली की पोत्याखालीसुद्धा मोड काढणारी जात. पन्नास वेळा धुतलेल्या कापडात जे उरलं होतं, तेवढ्यानं ती गप्प झाली. कडवट उसळ, गरगरलेलं डोकं, साखरेला न आलेली मुंगी, सगळं त्याच तंबाखूचं. आणि मी न धुतलेली मिश्री गालात धरून वरून कोबी खात होते. मी पिशवीतली डबी काढली आणि मोरीत रिकामी केली.

आक्का उंबऱ्यावर बसून मिश्रीच लावत होती. बोट तोंडात, नजर रस्त्यावर. मला एकदम आठवलं, मी आल्यापासून तिनं भाकरी चावलेली बघितली नव्हती. आमटीत कुस्करून, उजव्या बाजूनं गिळायची. उन्हाळ्यात आले तेव्हाही तसंच. दात पडले असतील, असं मी धरून चालले होते.

तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आक्का, आ कर."

तिनं तोंड फिरवलं, पदर लावला. मी हनुवटीला हात घातला. सकाळचं ऊन सरळ तोंडात पडलं. खालच्या हिरडीला, गालाच्या आत, माझ्यासारखा पांढरा चट्टा नव्हता. लाल, खडबडीत जखम होती, कडा उचललेली, सुपारीएवढी.

"कधीपासनं?"

"लई दिस झालं," ती म्हणाली. "कुनी बघितलंच न्हाय."

दसऱ्यानंतर तिला घेऊन बेळगावला आले. दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही दोघी आणि हे बसलो होतो. माझा रिपोर्ट आला होता. माइल्ड डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींची ठेवण थोडी बिघडायला लागलीय, कॅन्सर अजून नाही. उरलेला चट्टा काढायचा आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवायचं. "मिश्री सोडलीत म्हणून हे निभावेल," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मी खरं सांगितलं, की पहिल्या दिवशी मी खोटं बोलले होते आणि मिश्री सोडून बारा दिवसच झालेत. ते रागावले नाहीत. म्हणाले, बारा तर बारा, आता तेरावा मोडू नका. मग मी आक्काला आत बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. तिच्या हातात आरसा दिला नाही.

आक्काची बायोप्सी झाली. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला. मग रेडिएशन, म्हणजे किरणांनी त्या जागेच्या पेशी जाळणं. हे रजा काढून तिच्याबरोबर गेले, नळीतून पेज घालायला शिकले. त्यांच्याबद्दल मी आयुष्यात जे काही वाकडं बोलले, ते सगळं मागं घेतलं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट मी आज लिहितेय, कारण मिश्री अजून घरोघर आहे आणि माझ्यासारखे करार करणाऱ्या बायाही आहेत. आमच्या घरात तेव्हापासून कोबी, मुळा, नवलकोल, मोडाची मटकी नेमानं असते. खा, जरूर खा, धोका कमी व्हायला मदत होते. पण तंबाखू तोंडात ठेवून भाजीच्या भरवशावर राहू नका. आणि जेवताना समोरच्या माणसाचा घास कोणत्या गालानं उतरतो, ते बघत जा. मी शिक्षिका, रोज पन्नास पोरांची नखं तपासत होते. आक्काच्या समोर बसून जेवले आणि मला दिसलं नाही.

ऑपरेशननंतर आक्का दीड वर्ष जगली. बोलणं अर्धवट कळायचं. एकदा तिनं माझा हात धरून म्हटलं, "म्याच दिली तुला. न्हानी हुतीस. रडत हुतीस म्हनून दिली." मी म्हणाले, तुझ्याकडं जे होतं ते दिलंस. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर मी तिला भेटायला निपाणीला गेले की पहिलं काम ठरलेलं. स्वतःचं दुखणं सांगायच्या आधी ती मला खिडकीशी न्यायची, तोंड उघडायला लावायची आणि बॅटरी मारून आत बघायची. "साफ हाय," म्हणायची, मग पाणी द्यायची.

शेवटच्या भेटीत तिला उठवत नव्हतं, शब्दही फुटत नव्हता. मी उशाशी वाकले. तिनं दोन बोटांनी माझी हनुवटी खाली ओढली आणि बराच वेळ आत बघत राहिली. मान हलवली, आणि मगच डोळे मिटले.