हजेरीतलं दहावं नाव

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण कधी साधं लाईकसुद्धा केलं नाही. गेवराईत तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मुलांना एकच सांगायचो — पुरावा काय आहे ते आधी बघा. अंगात येणं, कुणाच्या तोंडून कुणी बोलणं... असलं काही निघालं की मी विषय बदलायचो. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण यात माझी जी चूक आहे ती कुठेतरी कबूल करायची आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या भागात एक जुनं बंधू मंडळ आहे. नाव देत नाही. सभागृह गेवराईत, आणि चकलांबा, चौसाळा अशा पाच-सहा गावांत शाखा. निजामाच्या राज्यात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा मेलेल्या माणसाला उचलायला घरचेही पुढे येत नव्हते म्हणे. तेव्हा काही जणांनी एकमेकांना शब्द दिला — आपल्यातल्या कुणाच्याही घरी माणूस गेलं, तर हातातलं काम टाकून खांदा द्यायला जायचं. त्यातून हे मंडळ झालं. सभासद एकमेकांना 'बंधू' म्हणतात. दरवर्षीच्या सभेत संस्थापकांची हजेरी होते. एकेक नाव पुकारायचं आणि त्या गेलेल्या माणसाच्या वतीनं सगळ्या सभेनं 'हजर' म्हणायचं. संस्थापक नऊ. निदान मला तसंच माहीत होतं.

मी रिटायर झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष घरी आले. मोठे बागायतदार, माजी जिल्हा परिषद सदस्य, एका संस्थापकाचे नातू. सगळे त्यांना आबा म्हणतात. म्हणाले, "सर, मंडळाचा इतिहास लिहा. पुस्तक काढू. कव्हरवर तुमचं नाव."

आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली होती. मी लगेच हो म्हणालो.

माहिती गोळा करत चकलांब्याला भानुदास तात्यांकडे गेलो. वय नव्वदीला टेकलेलं, पण बोलणं खणखणीत. त्यांचे वडील नऊ संस्थापकांपैकी एक. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तासभर बोलले. मग म्हणाले, "सर, नऊ न्हाई. धा होते."

दहावा किसन. चकलांब्याच्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. साथीत सगळ्यात जास्त प्रेतं त्यानंच उचलली होती आणि एकमेकांना खांदा द्यायची कल्पनाही त्याचीच. साथ सरली, मंडळ झालं. दोन वर्षांनी किसनची बायको बाळंतपणात गेली. निरोप नऊही घरी गेला.

"कुनीच गेलं न्हाई," तात्या म्हणाले. "त्याच्या वस्तीत जाऊन खांदा कसा द्यायचा, म्हनून. किसननं एकट्यानं बैलगाडीत घालून नेली तिला. मग परत मंडळात आला न्हाई. ह्यांनी वहीतून त्याचं नावच काढलं."

"तुमचे वडील?"

"ते बी गेले न्हाईत. मरताना मला सांगून गेले. लई रडले." तात्यांनी माझा हात धरला. "तेवढं नाव पुस्तकात घ्या. मी जायच्या आत मला दाखवा."

मी विचारलं, "पूर्ण नाव काय? वडिलांचं नाव?"

"ते न्हाई ठाऊक मला. आमच्या घरात नुसतं किसन म्हनायचे."

हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी नंतर चार-पाच वेळा ऐकलंय.

वस्तीत चौकशी न करता, तात्यांच्या सांगण्यावरूनच किसनवर मी दोन पानं लिहिली. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगली. आबांनी हस्तलिखित वाचलं आणि बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, कार्यक्रमाला मोठी माणसं येनार हायेत. आपल्याच आज्या-पंज्यांची अब्रू आपन कशापायी काढायची? ही दोन पानं तेवढी काढा. न्हाईतर मला दुसरा लेखक बघावा लागंल."

मी विरोध केला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मी त्याच संध्याकाळी ती पानं काढली. स्वतःची समजूत घातली, की लेखी पुरावा नाही, एका म्हाताऱ्याची आठवण आहे फक्त... शाळेत शिकवलेलं तत्त्व असं उपयोगी पडलं.

पुस्तक छापायला गेलं आणि तात्यांचा फोन आला. "सर, नाव घेतलं ना?"

"घेतलं तात्या."

"नक्की?"

"नक्की. पुस्तक आलं की घेऊन येतो."

"मग मी मोकळा झालो," ते म्हणाले.

आठ दिवसांनी तात्या गेले. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे खांदा द्यायला मीही गेलो होतो. चार खांद्यांतला एक माझा होता. ते ओझं कसं वाटलं हे मी लिहू शकत नाही.

प्रकाशन सोमवारी होतं, सकाळी अकराला. मंडळाचं सभागृह म्हणजे वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, साधारण दोनशे खुर्च्या. ऊन चांगलंच तापलेलं. स्टेजवर आबा, पाहुणे आणि मी. यंदाची हजेरी लेखकानं घ्यायची असं ठरलं होतं. मी पुस्तक उघडलं आणि माईकवर नावं वाचली. प्रत्येक नावाला सभा 'हजर' म्हणत होती. नववं नाव झालं, 'हजर' आलं, मी पुस्तक मिटलं आणि जागेवर येऊन बसलो. मला आठवतं ते एवढंच. बसल्यावर पाणी प्यायलो, तेही आठवतं.

आबा माझ्याकडे बघत नव्हते. सभागृहात कुजबुज चालली होती. मला वाटलं, उकाड्यानं लोक कंटाळले असतील.

चहाच्या वेळी आबा जवळ आले. "सर, आपलं ठरलं होतं ना?"

"काय झालं?"

"सगळ्यांदेखत नाव घेतलं आन् वर मला इचारता?" एवढं बोलून ते निघून गेले.

मला काहीच कळेना. शेवटी शाळेतले माझे जुने सहकारी देशमुख सर यांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यात मी नववं नाव वाचतो. सभा 'हजर' म्हणते. मग मी पुस्तकातून मान वर करतो, समोर बघतो आणि अगदी साध्या आवाजात म्हणतो — "किसन सटवाजी, चकलांबा."

आणि सभा सवयीनं म्हणते, "हजर." आबासुद्धा म्हणतात. त्यांचे ओठ हललेले स्पष्ट दिसतात.

आवाज माझाच. चेहरा माझाच. तिथे दुसऱ्या एकानंही शूटिंग केलं होतं, तेही मागून घेऊन बघितलं. त्यातही तेच. छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मनावर ताण असला की माणूस बोलतो आणि विसरतो. मान्य. किसन हे नाव माझ्या मनात होतंच. पण सटवाजी कुठून आलं?

पंधरा दिवसांनी चकलांब्याहून एक बाई घरी आल्या. पन्नाशीच्या, अंगणवाडीत मदतनीस. सुमनबाई. किसनच्या मुलाची मुलगी. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. दारातच त्या माझ्या पाया पडल्या. मी मागे सरकायला हवं होतं. नाही सरकलो.

"सर, आमच्या आज्याचं नाव आजवर कुनी घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् तुमी बापाच्या नावासकट घेतलं. सटवाजी तुमाला कुनी सांगितलं? सरकारी कागदावर तर बापाचं नाव लक्ष्मण लागलंय, लिवनाऱ्याची चूक. सटवाजी फकस्त आमच्या घरात ठाऊक हाय."

मी काहीतरी पुटपुटलो. चौकशी केली, जुन्या लोकांकडून कळलं, असलं काहीतरी.

"पुस्तकात बी असंल ना? एक द्या की मला. पोराला दाखवते."

आतल्या खोलीत पंचवीस प्रती होत्या. मी म्हणालो, संपल्या.

त्या गेल्यावर मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार?"

तिसऱ्या दिवशी पुस्तक आणि ती काढलेली दोन पानं घेऊन चकलांब्याची एसटी धरली. सुमनबाई अंगणवाडीच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी संस्थापकांचं पान उघडून दिलं. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवत वाचलं. पान उलटून मागेही बघितलं.

मी सगळं सांगितलं. आबांचं, माझं, तात्यांना फोनवर बोललेलं खोटं. त्या सूप मांडीवर तसंच धरून ऐकत होत्या. मी माफी मागितली आणि ती दोन पानं पुढे केली. त्यांनी पुस्तक मला परत दिलं, पानं मात्र घडी करून ठेवून घेतली.

मग म्हणाल्या, "म्हंजी त्या दिवशी तुमी नाव घेनारच नव्हते."

"नाही."

"मग कुनी घेतलं, सर?"

मी एवढा शिकलेला माणूस, पुस्तक पिशवीत घातलं आणि परतीची एसटी धरली. आजही एवढंच खात्रीनं सांगू शकतो, की ते नाव मी घेतलेलं नव्हतं.