कॉमर्सवाल्यांना झाडं कशाला?

कॉलेजात नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठतात. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि किस्से. गठ्ठे अधूनमधून रद्दीत जातात, किस्से काही जात नाहीत. स्टाफरूममध्ये चहा आला की एकेक बाहेर पडतो, आणि दर वेळी थोडा वाढलेलाच असतो! आज मात्र न वाढवता सांगते.

मी जव्हारला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. काही वर्षांपूर्वी नियम आला की प्रत्येक मुलानं आपली शाखा सोडून दुसरीकडचा एखादा विषय शिकायचाच. कॉमर्सवाल्यांनी वनस्पती नाहीतर फिजिक्स, सायन्सवाल्यांनी लोकभाषा, आर्ट्सवाल्यांनी फिजिक्स. मुलं या सगळ्याला 'ओपन' म्हणतात.

मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं विरोध मी केला. "कॉमर्सवाल्यांना झाडं कशाला? आणि ज्यांनी दहावीनंतर फिजिक्सला हात जोडले, त्यांना आता का छळायचं?"

प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि ओपनची कोऑर्डिनेटर मलाच केलं!

*

माझ्या ओपन फिजिक्सचा पहिला तास. समोर आर्ट्स-कॉमर्सची मुलं. सूर्यमाळचा विलास उभा राहिला. बी.कॉम.चा, उंच, बिनधास्त.

"मॅडम, हा पेपर नोकरीला लागतो का?"

"नाही."

"तलाठी भरतीला? पोलीस भरतीला?"

"नाही रे."

"मग आमाला कशाला लागतो?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "बस खाली. मलाही तेच शोधायचंय."

तो बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "मॅडमचा पण बॅकलॉग आहे!"

*

आमचे कदमसर वनस्पतिशास्त्राचे. जून अखेरीस ते कॉमर्सच्या मुलांना घेऊन कॉलेजमागच्या उतारावर गेले. कोऑर्डिनेटर म्हणून मीही गेले. सरांनी शेवळाचा, त्या पावसाळी रानभाजीचा, कोंब दाखवला. शास्त्रीय नाव सांगितलं, कुळ सांगितलं, शेवटी म्हणाले, "खाण्यायोग्य."

मागे पोशेऱ्याची सुनीता उभी होती. ही मुलगी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही खाल्लीत?"

"खाल्ली ना! गेल्या वर्षी भाजी केली. घरात सगळ्यांच्या घशाला खाज. मिसेस अजून ऐकवतात."

"काकडं नव्हती घातली?"

"काकडी?"

सगळी पोरं पोट धरून हसायला लागली! काकडं म्हणजे रानातली लहान आंबट फळं. ती घातल्याशिवाय शेवळं शिजवायची नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दोन प्राध्यापकांना.

सुनीतानं काकडाचं झाडही दाखवलं. मग दुसरी भाजी, तिसरी भाजी. अर्धा तास ती बोलत होती आणि सर वहीत उतरवून घेत होते. परत येताना मला म्हणाले, "मॅडम, आज माझी हजेरी विद्यार्थ्यांत लावा."

*

रामदास मोखाड्याकडचा, माझा फिजिक्सचा लाडका विद्यार्थी. त्याला ओपनला लोकभाषा मिळाली. काम एवढंच, घरी बोलतात ते शब्द गोळा करून आणायचे. तो तणतणत माझ्याकडे आला.

"मॅडम, मला यातून सोडवा. आमच्याकडं भाषा नाय. आम्ही असंच बोलतो."

मला ते वाक्य फार लागलं. म्हटलं, "मग ते 'असंच' लिहून आण."

महिन्यानं तो शंभरपानी वही भरून घेऊन आला. शब्द वडिलांनी सांगितलेले. हे वडील कधी त्याच्या पुस्तकांजवळ फिरकत नसत. 'तुझ्या अभ्यासातलं माना काय कळतं,' म्हणायचे; माना म्हणजे मला. आता शेतातून हाक मारायला लागले, "अजून एक आठवला, लिही!"

रामदास म्हणाला, "मॅडम, फिजिक्स चांगलंच आहे. पण बाप माझ्याशी एवढा बोलला तो ओपनमुळं."

फिजिक्सची बाई म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

*

विलासला मी विसरले नव्हते. तो मला विसरू देत नव्हता! एकदा मी वर्गात दोन बादल्या आणि एक नळी आणली. एक बादली टेबलावर, दुसरी खाली. पाण्यानं भरलेली नळी वरच्या बादलीच्या काठावरून खाली सोडली. पाणी काठ चढून खालच्या बादलीत पडायला लागलं. ना पंप, ना वीज.

तास संपल्यावर विलास आला. "मॅडम, काठाच्या जागी टेकाड असलं तर? आमचा झरा टेकाडापलीकडं आहे."

"टेकाड फार उंच नको. आणि पाणी पोचायची जागा झऱ्यापेक्षा खाली हवी."

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. ओरडतच होता. "मॅडम, चढलं! टेकाड चढून पाणी पाड्यात उतरलं!" तीनदा फसलं होतं, पाइपात हवा शिरत होती. चौथ्यांदा जमलं. दर उन्हाळ्यात त्याच्या पाड्यातल्या बाया हंडे घेऊन तेच टेकाड चढायच्या.

मागून त्याच्या आईचा आवाज आला, "मॅडमला इचार, आता हंड्याखालच्या माझ्या चुंबळीचं काय करू?"

*

कमल वावर गावची. बी.ए., इतिहास. तीसेक वर्षांपूर्वी तिथं कुपोषणानं लहान मुलं गेली, त्यात तिच्या आईचा धाकटा भाऊ होता. आई तेव्हा दहा वर्षांची, त्याला कडेवर घेऊन फिरायची. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे.

आमचा मोजमापाचा धडा चालू होता. मी अंगणवाडीतून एक पट्टी मागून आणली होती. लहान मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. हिरव्यावर आली तर ठीक, पिवळ्यावर लक्ष ठेवायचं, लालवर आली तर लगेच दवाखाना.

कमलनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"मॅडम, ही दिवाळीपुरती द्याल?"

सुट्टीत तिनं गावातल्या अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन पाड्यातल्या मुलांचे दंड मोजले. दीड वर्षाची एक पोरगी लालवर आली. तिची आई म्हणाली, "बारीकच आहे ती, बापावर गेली." कमलनं वाद घातला नाही. शेजारच्या घरातलं त्याच वयाचं मूल आणून बसवलं, दोघांचे दंड मोजून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकींना जीपमध्ये बसवून जव्हारच्या दवाखान्यात आणलं. पोरगी सावरली. आता कमल दिसली की ती स्वतःच दंड पुढं करते!

त्या दिवशी दवाखान्यातून कमल घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आईनं तिच्याकडून पट्टी मागून घेतली. उलटसुलट पाहिली. आपल्याच दोन बोटांभोवती गुंडाळली.

"ही तेव्हा होती का गं?"

"माहीत नाय, आई."

आई मग उठली, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "चल. वरच्या पाड्यावरची पोरं राहिलीत."