जिन्यावरून टाकायचं खोकं

माणसांवर इतका अविश्वास आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांवर इतकी माया असलेला, माझ्या साडूंसारखा दुसरा मनुष्य कल्याणपासून कर्जतपर्यंत शोधून सापडणार नाही. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर बदलापूरला, कात्रपमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते जुने फोनोग्राफ दुरुस्त करू लागले. फोनोग्राफ, ग्रामोफोन नव्हे. तबकडी वाजवतो तो ग्रामोफोन. मेणाची नळी वाजवतो तो त्याच्याही आधीचा फोनोग्राफ. हा फरक ज्याला कळत नाही त्याला साडू माणसात धरत नाहीत. एका लग्नात मी कौतुकाने त्यांची ओळख करून दिली, "हे आमचे साडू, जुने रेडिओ दुरुस्त करतात." त्यांनी तोंडाशी नेलेली जिलेबी परत ताटात ठेवली. जिलेबी परत ठेवणारे साडू मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

त्यांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असायला हवा तिथे पितळेचे कर्णे उभे असतात, धोतऱ्याच्या फुलांसारखे तोंड वासून. पाहुण्याला वाटतं, आपण काही बोललो तर सगळे मिळून ऐकतील. मेणाच्या नळ्यांना उकाडा सोसत नाही, म्हणून घरातला एकुलता एक एसी नळ्यांच्या खोलीत. ताई आणि साडू उन्हाळाभर बाहेर पंख्याखाली घामाघूम. "मला ताप आला तर ह्यांना थर्मामीटर सापडत नाही," ताई म्हणतात, "पण नळीला ऊन लागतंय म्हटलं की धावत जाऊन पडदा ओढतील." मी मुक्कामाला गेलो की माझी सोय त्या थंड खोलीत होते, पण साडू दारात उभे राहून बजावतात, "घोरायचं नाही हां साडू. फळ्या थरथरतात." नळी हातात घ्यायची ती आतून दोन बोटं फाकवून, बाहेरून स्पर्शही करायचा नाही. मी एकदा चहाच्या ग्लासासारखी मुठीत धरली. साडू ओरडले नाहीत. माझ्या मुठीतून नळी सोडवत शांतपणे म्हणाले, "ही बोटं जन्मतःच अशी आहेत, की आमच्या सासूबाईंकडे येऊन झाली?"

खरेदीला ते उल्हासनगरच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे जातात आणि मला बरोबर नेत असत. 'असत' म्हणालो, कारण आता नेत नाहीत. तिथे एका दुकानात मोडक्या पाळण्याखाली एक पेटी पडली होती. साडू तिच्याकडे ढुंकूनही न बघता कपाटांचे भाव विचारत फिरत होते. चेहरा असा, की ह्या माणसाला जगात कशातच रस नाही. मी मात्र पेटी उघडली आणि आनंदाने ओरडलो, "अहो साडू, हेच ना ते, ज्याच्यासाठी आपण आलोय?" दुकानदार खुर्चीतून उठला. साडूंनी डोळे मिटले. "साईं," दुकानदार हात चोळत म्हणाला, "अभी तो भाव दूसरा हो गया. आपके भाई को बहुत पसंद है." परतीच्या रिक्षात साडू एकच वाक्य बोलले, "पुढच्या वेळी तुम्ही पाळण्यात बसा."

तर, खोकं. पूर्वी साडूंनी एक फोनोग्राफ हैदराबादच्या एका शौकिनाला पार्सलने पाठवला होता. तो पोचला तेव्हा कर्ण्याचा पापड झाला होता आणि लाकडी पेटीची काडेपेटी. त्या माणसाने फोटो पाठवले. साडूंनी ते पाहिले आणि दाढी करणं सोडलं. ताई सांगतात, आठवडाभर घरात कुणी गेल्यासारखं वातावरण होतं. शेवटी एके सकाळी त्यांनी दाढी केली, स्टेशनजवळच्या दुकानातून पुठ्ठे, फोम आणि चिकटपट्ट्यांची रास आणली आणि आपलं तत्त्व जाहीर केलं: बाहेर खोक्याचा जो अपमान होणार आहे, तो आधी घरीच करून घ्यायचा.

म्हणजे असं. खोक्यात खोकं, मध्ये फोम, आत फोनोग्राफच्या वजनाइतक्या विटा कापडात गुंडाळून, आणि सगळ्यात नाजूक भागाच्या जागी एक अंडं. मग ते खोकं जिन्यावरून खाली टाकायचं, उघडायचं, आणि अंडं फुटलं असेल तर बांधणी बदलायची. फुटलेलं अंडं वाया जात नसे. खोकं जिन्यावर नेलं की ताई आतून विचारत, "तवा ठेवू का?" सुरुवातीच्या काळात त्या घरात इतकी ऑम्लेटं झाली, की मी रविवारचा नाश्ता घरी करणंच सोडलं.

हळूहळू सोसायटी ह्यात ओढली गेली. साडू प्रत्येकाला विनवत, "एक लाथ घाला हो, मनापासून." तिसऱ्या मजल्यावरचे एक बँकवाले गृहस्थ साहेबाने झापलं की सरळ घरी न जाता साडूंची बेल वाजवत. "आहे का हो खोकं?" मग बाही सरसावून दोन लाथा, एक ढुशी, आणि शांत चेहऱ्याने वर. त्यांच्या मिसेसने दिवाळीला साडूंना डबाभर चकल्या पाठवल्या. पण मुख्य खोकंफेक्या म्हणून नेमणूक झाली ती माझी. "सोसायटीतली माणसं सांभाळून टाकतात," साडूंनी मला समजावलं. "त्यांना वाटतं, आत काहीतरी आहे. तुम्हाला तसं काही वाटत नाही. तुमच्याइतका बेभरवशाचा हात मला पगार देऊनही मिळणार नाही." सासरी मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. मी अंबरनाथहून दर रविवारी मोठ्या अभिमानाने जात असे.

पण गंमत अशी की अंडी फुटायची थांबली, तरी साडूंच्या घरून एकही फोनोग्राफ बाहेर जाईना. गाडी घेऊन दारात येणाऱ्यांनाच काय तो मिळे. पार्सलने मागणाऱ्याला साडू म्हणत, अजून एक चाचणी राहिलीय. ह्यात सगळ्यात अडकल्या होत्या बाई. पूर्वी हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या ह्या निवृत्त मुख्याध्यापिका. आजोबांचा फोनोग्राफ त्यांनी साडूंकडे दुरुस्तीला दिला आणि मग डोळे अधू झाले म्हणून मुलाकडे नागपूरला राहायला गेल्या. फोनोग्राफ केव्हाच वाजायला लागला होता. बाई फोनवर फोन करत होत्या आणि साडू, कारखान्यात युनियनवाल्यांना न घाबरलेला माणूस, त्यांचा फोन आला की उठून उभा राहत असे.

"जयभीम, बाई."

"जयभीम. पाठवलंस?"

"बाई, पावसाचं वातावरण आहे, मेणाला बुरशी..."

"मागच्या वेळी ऊन होतं."

"हो बाई."

"त्याच्या आधी कुरियरवाल्याचा चेहरा बरा नव्हता. तू पाचवीतला मुलगा आहेस का रे, रोज नवं कारण सांगायला?" मग आवाज जरा खाली आला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "हे बघ, माझं वाचायचं काम संपलं आता. अक्षरं दिसत नाहीत. दिवसभर नुसते कान असतात. लहानपणी आजोबा ते यंत्र लावायचे, तेवढं एकदा ऐकायचंय. येत्या रविवारी निघालं नाही, तर मी स्वतः येईन न्यायला. ह्या डोळ्यांनी."

साडूंनी फोन ठेवला. मला म्हणाले, "हैदराबादसारखं झालं तर त्यांना काय सांगू? फोटोसुद्धा दिसणार नाहीत हो त्यांना. हात फिरवून कळेल."

मी घाईघाईने पोहे संपवले आणि विषय बदलला.

त्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो. गेटपाशी साडू एका टेम्पोत डोकं घालून चालकाशी वाद घालत होते. ते कुणालाही काहीही शिकवत असतात, म्हणून मी थांबलो नाही. वर गेलो. जिन्याच्या तोंडाशी खोकं तयार. तेच आकारमान, तीच पिवळी चिकटपट्टी, तोच वर दाखवणारा बाण. आज साडूंना खूश करू या, असा विचार मी केला. तो विचार नसता केला तर बरं झालं असतं. चपला काढल्या, पवित्रा घेतला आणि आजवर कधी घातली नव्हती अशी लाथ घातली.

खोकं पायऱ्यांवरून उलटंपालटं होत गेलं, वळणावरच्या भिंतीवर आदळलं, कलंडलं, पुढच्या पायऱ्या उतरलं आणि पहिल्या मजल्यावर जाऊन थांबलं. तिथे नुकतेच वर येणारे साडू आणि टेम्पोवाला उभे होते. तळमजल्यावरचे आगरी काका ओरडले, "काय पडला रं वरशी? सिलिंडर फुटला का?"

"तवा ठेवू का?" आतून ताईंचा आवाज आला. पाठोपाठ त्या स्वतः बाहेर आल्या, हातात एक अंडं. माझ्याकडे पाहिलं, खाली खोक्याकडे पाहिलं, मग अंड्याकडे. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "अंडं तर इथे आहे."

टेम्पोवाल्याने खोक्यावरचा काचेच्या पेल्याचा शिक्का वाचला, माझ्याकडे बघितलं आणि साडूंना म्हणाला, "काका, अर्धा तास मला झापताय, सांभाळून ने, सांभाळून ने. मग मी ह्याच्यापेक्षा वेगळं काय करणार होतो?"

साडू खोक्यापाशी खाली बसले आणि खिशातून कटर काढला. बांधणी इतकी पक्की होती की उघडता उघडता निम्मी सोसायटी जिन्यात जमली. बँकवाले गृहस्थ हळूच विचारत होते, "ह्यात माझ्या लाथा धरलेल्या नाहीत ना?" पहिलं खोकं, फोम, दुसरं खोकं, कापड. कर्णा निघाला, शाबूत. यंत्र निघालं, शाबूत. कापसातली मेणाची नळी साडूंनी दोन बोटं घालून उजेडात फिरवली. तडा नाही. तिथेच पायरीवर त्यांनी सगळं जोडलं, किल्ली दिली आणि शंभर वर्षांहून जुना एक बायकी आवाज जिन्यात घुमला. नाकातला, बारीक, आणि लावणीतला. अशी झणझणीत लावणी, की आगरी काकांनी मागे वळून बायको बघतेय का ते पाहिलं. "बाईंचे आजोबा!" ताई पदराआड हसत सुटल्या. टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

मला वाटलं, वाचलो. साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बघा, काही झालं नाही! जिंकलात तुम्ही!"

साडूंनी नळी परत कापसात ठेवली. "हो ना," ते म्हणाले. "तुम्ही टाकूनसुद्धा फुटलं नाही. आता बाईंना सांगायला माझ्याकडे काही कारणच उरलं नाही." आणि त्यांनी कर्णा कापडात गुंडाळायला घेतला, थंडीच्या दिवसांत झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, चारही बाजूंनी दाबत. माझ्याकडे चिकटपट्टी धरायचं काम दिलं. फक्त धरायचं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावरही ते गेटपाशी उभे होते. ताईंनी वरून दोनदा हाक मारली तेव्हा कुठे वर आले आणि हॉलमध्ये बाईंच्या फोनोग्राफच्या मोकळ्या झालेल्या जागेवर एक स्टूल आणून ठेवलं. ते काही चांगलं दिसेना. पुन्हा उचललं.

पुढे एका दुपारी मी तिथेच होतो, तेव्हा बाईंचा फोन आला. पोचलं म्हणाल्या. मुलाने तुझ्या सूचनेप्रमाणे जोडलंय म्हणाल्या. आणि त्यांनी फोन कर्ण्यासमोर ठेवला असावा, कारण एकदम ती लावणी साडूंच्या हॉलमध्ये आली, नागपूरहून, किंचित खरखरत. साडू डोळे मिटून ऐकत होते. ताई दारात उभ्या. गाणं संपलं तरी यंत्र फिरतच राहिलं. बाई काही बोलेनात.

"बाई?" मी म्हटलं.

साडूंनी हात वर करून मला थांबवलं. "झोपल्या," ते पुटपुटले.

"मग ठेवू या का फोन?"

"थांबा. स्प्रिंग उतरू दे."

आम्ही तिघे बसून राहिलो. पलीकडची घरघर मंदावत, जड होत गेली, शेवटचा फेरा अर्ध्यात अडला आणि थांबला. मग कुणाचा तरी संथ श्वास तेवढा ऐकू यायला लागला. साडूंनी फोन कापला नाही. माझ्याकडे वळून त्यांनी फक्त ओठ हलवून सांगितलं, उठताना खुर्ची वाजवू नका.

मी उठलोच नाही.