गाडी निघालीय

समोरच्या ताई आधी अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनवर बसायच्या. मग सरकारनं कायदा केला, निधी दिला, सगळ्या राज्याचे फोन एकाच ठिकाणी गेले अन् आमच्या शहरातली ती खोली बंद झाली. अजूनही घरचा फोन उचलला की त्या आधी विचारतात, "कुठून बोलताय? जवळ काय दिसतं?" पाचोडचा भाऊ चिडतो, "अगं, घरूनच बोलतोय!"

काल रस्त्यावर सायरन वाजला. मेथी निवडता निवडता ताई थांबल्या. "गुलमंडीवरून नको रे बाबा, लई गर्दी हाय," पुटपुटल्या. आवाज लांब गेला.

"पोचली असंल," मी म्हणाले.

"व्हय. पुढं काय झालं, ते तवाबी कळायचं नाय. पण 'गाडी निघालीय, घाबरू नका' म्हणायला मी असायचे."