जगदाळेकाकांचं बंद झालेलं लॉगिन

जगदाळेकाकांचं लॉगिन माझ्यामुळे बंद झालं.

दोन वर्षं झाली. हे मी त्यांना सांगितलं नाही.

परवा ते साताऱ्यात वारले. आता लिहितेय. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये, तेव्हा तुटक वाटलं तर वाटू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगलीजवळ कुपवाडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी कॉम्प्युटर सिस्टीम्स बघते. काका तिथे भट्टीवर सुपरवायझर. त्याआधी फौजेत, सिग्नल्समध्ये. सुभेदार म्हणून रिटायर झाले.

आमच्या सर्व्हरचे ॲडमिन राइट्स पुण्याच्या ऑफिसकडे. आमच्याकडे कुणाकडेच नाहीत. साधं काही बदलायचं तरी तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाका आणि थांबा.

माझा पहिला आठवडा. 'भट्टी' ही कमांड दिली की बाकीच्यांना आजचा तापमानाचा रिपोर्ट यायचा, मला कालचा. सर्व्हरचा दोष आहे म्हणून मी पुण्याला तिकीट टाकलं.

काका मागे उभे होते.

"आवं मॅडम, आदी त्याला इचारा तरी, तू कोन हाईस म्हनून."

अमुक कमांड म्हणजे नक्की कोण, असं शेलला, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामला, खरंच विचारता येतं. विचारलं.

'भट्टी' हे माझ्याच सेटिंगच्या फाइलमधलं जुनं एलियस निघालं, म्हणजे लांब कमांडला दिलेलं छोटं नाव. माझ्याआधीच्या मुलीची फाइल मी न वाचता कॉपी केली होती. खऱ्या प्रोग्रामच्या आधी हेच पुढे येऊन जुन्या प्रोग्रामकडे घेऊन जायचं.

एक ओळ खोडली. झालं.

"फौजेत बराकीची किल्ली आपल्याकडं नसती," काका म्हणाले. "पेटीची असती. आदी आपली पेटी बगायची."

त्यांची पेटी म्हणजे सर्व्हरवरचा त्यांचा फोल्डर. तो खरा प्रोग्राम त्यांनीच लिहून तिथे ठेवला होता. सातही ऑपरेटर तोच चालवायचे. त्या रिपोर्टवर सही झाल्याशिवाय सकाळचं पहिलं ओतकाम सुरू होत नाही.

वर्षभराने मी पुण्याला ई-मेल लिहिला. अख्खी शिफ्ट एका माणसाच्या खासगी फोल्डरवर चालते, हे धोक्याचं आहे, प्रोग्राम सामायिक जागी हलवावा.

त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आजही नाही.

फक्त काकांना आधी विचारलं नाही.

पुण्याने सामायिक जागा दिलीच नाही. सुपरवायझरला लॉगिनची गरज काय, असं म्हणून काकांचं लॉगिन बंद केलं. फोल्डरसकट.

सकाळी सात वाजता सात स्क्रीनवर एकच ओळ. परवानगी नाही.

भट्टी तापलेली. माणसं उभी. काका गाडी लावून आत आले आणि मला विचारलं, काय झालं.

मी म्हणाले, "पुण्याने बंद केलं."

तेही चुकीचं नव्हतं.

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. मांडीवरचे हात त्यांनी उचलले नाहीत.

"मला परवानगी न्हाई. तू टाइप कर, मी सांगतो."

चाळीसेक ओळी. सगळ्या तोंडपाठ.

माझ्या फोल्डरमध्ये, माझ्या लॉगिनने मी त्या टाइप केल्या. सवयीने पहिल्या ओळीत लेखक म्हणून माझं नाव टाकलं. त्यांनी ते वाचलं आणि पुढची ओळ सांगितली.

सातही जणांच्या सेटिंगमधला प्रोग्रामचा पत्ता बदलला. नवाच्या आत पहिलं ओतकाम झालं.

दुपारी परत अडलं. हाताने कमांड दिली की चालायचं. शिफ्ट बदलताना घड्याळाच्या वेळेवर आपोआप चालायला हवं, तिथे 'कमांड सापडली नाही'. मी तासभर परवानग्याच तपासत बसले.

काका चहा घेऊन आले.

"तू सोता पाठवलास की तुजी सगळी वळख त्याच्यासंगं जाती. घड्याळानं पाठवला की गडी नुसताच जातो. त्याला 'भट्टी' म्हंजी काय, ठावं न्हाई. पुरा पत्ता लिवून दे."

ठरल्या वेळी चालणारं काम माझी सेटिंगची फाइल वाचतच नाही. मला हे शिकवलेलं होतं, पेपरात लिहूनही आले होते. छोट्या नावाच्या जागी पूर्ण पत्ता लिहिला. अजून चालतंय.

म्हणजे ज्याची मी तक्रार केली होती, तेच आता माझ्या फोल्डरमध्ये होतं.

काकांनी कप खाली ठेवला.

"आता तुज्याबद्दल कोन लिवनार पुण्याला?"

ऑपरेटर हसले. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यानंतरही रोज सांगता आलं असतं.

गेल्या महिन्यात ते आजारी होऊन साताऱ्याला गेले. मी एकदा फोन केला. सर्व्हर बदलणार आहे, काय काय सांभाळू, एवढंच विचारलं. त्यांनी दम खात खात सगळं सांगितलं. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

काल त्यांच्या घरी गेले. काकूंना नाव सांगितलं.

त्यांनी आत बोलावलं. मग म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या, ई-मेलवाल्या."

लॉगिन बंद केल्याच्या पत्राला पुण्याने माझा ई-मेल जोडला होता. ते पत्र काकांना त्या सकाळी गेटवरच मिळालं होतं.

मला काय झालं विचारलं, तेव्हा ते त्यांच्या खिशात होतं.

काकूंचा आवाज चढला नाही. "हे म्हनायचे, पोरीनं लिवलंय ते बरोबर हाय. पर मला सांगंना का, ते कळंना. सांगंल म्हनं कवातरी."

मी चहा घेतला. निघाले.

सातारा ते सांगली, बसमध्ये मी फोनवर भट्टीचा तो रिपोर्ट उघडत होते आणि बंद करत होते. वेळेवर आलेला होता.

आज सकाळी त्या प्रोग्रामच्या फाइलची पहिली ओळ बदलली.

लेखक: सुभेदार जगदाळे. टाइप केलं: मी.

फोल्डर माझाच. कुणाची परवानगी लागली नाही.

काका, तो ई-मेल मी लिहिला होता.

तुम्हाला विचारून लिहायला हवा होता.

कडक सलाम मला जमत नाही. साधा नमस्कार करते.